घुबडाचं वकीलपत्र

आयुष्यात मी एकाच्याच वतीने वकिली केली आणि ती जिंकलो. अशील होतं घुबड. ते निर्दोष सुटलं आणि त्याच बैठकीत मी चोर ठरलो. याला इतकी वर्षं झाली, तरी कोणी कुवेतच्या गप्पा काढल्या की माझ्या डोळ्यांसमोर आधी तो तंबू येतो. तेलविहिरी, समुद्र, मोठाले रस्ते सगळं नंतर.

मी कुवेतला गेलो तो इराकशी झालेली लढाई संपल्यावर. शुऐबाला एका कंपनीत शटरिंगचा सुतार होतो, खोलीत आठ जण, करार दोन वर्षांचा. करार संपला तेव्हा बाकीचे सामान बांधत होते आणि मी राई या कारखान्यांच्या वस्तीत एका गॅरेजच्या मागची अर्धी शेड भाड्याने मिळवण्यासाठी त्या गॅरेजवाल्याशी तीन दिवस भांडत होतो. मिळवली. माझं सगळं असंच झालं आहे. कोणी हातात आणून दिलं नाही, भावात पाडून घेतलं. डोकं लवकर तापतं हा माझा दोष. पण डोकं तापलेल्या माणसाला लोक लवकर कटवतात आणि त्यामुळे भावही लवकर ठरतो, हे मी अनुभवाने सांगतो.

पुढे ज्याच्याकडे राबलो तो मालक मला तिथेच भेटला. दस्मानला घर आणि दक्षिणेला वफ्राच्या बाजूला शेत असलेला साठीचा कुवेती. सगळे त्याला हज्जी म्हणायचे. एका दरवाजासाठी आला, दोन चहा होईपर्यंत माझ्याशी भाव केला आणि काही न घेता निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी म्हटलं, "हज्जी, दरवाजा हवाय की भांडण?"

तो हसला. त्या पिढीच्या व्यापाऱ्यांना मुंबई माहीत असते, हिंदी कळते. म्हणाला, "नज्जार, दरवाजा कुठेही मिळतो." नज्जार म्हणजे सुतार. त्याने मला कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही आणि मला ते आवडायचं.

त्याला पक्ष्यांसाठी पिंजरे हवे होते. थंडीत दर शुक्रवारी त्याच्या शेतावर पाहुणे बंदुका घेऊन यायचे आणि त्यांच्यासाठी तो चकोर पाळायचा. आपल्याकडे चकोर म्हटलं की चांदणं पिणारा पक्षी. इथला चकोर कोंबडीखाद्य खात होता आणि एकमेकांची पिसं उपटत होता. आधीच्या पिंजऱ्यांना वरून तारेची जाळी होती. चकोर घाबरला की सरळ वर उडतो, तारेवर डोकं आपटतो आणि टाळू सोलून खाली पडतो. वरून एखाद्या ससाण्याची सावली गेली तरी पाच-सहा असे मरायचे.

मी कोकणातला. वडील खाडीकाठी होड्या दुरुस्त करायचे आणि शेजार सगळा मासेमारांचा. जाळं विणणं मी चालता चालता शिकलो होतो. मी वर तार ठेवली आणि तिच्याखाली हातभर अंतरावर मासे धरायचं जाळं सैल टांगलं, झोळीसारखं. पक्षी उडाला की झोळीत जाऊन मऊ आपटायचा आणि परत खाली यायचा. जाळं बाजारातून आणलेलं होतं, पण कडा, कोपरे आणि सांधे मी स्वतः लाकडी सुईने विणले. गाठ अशी की ओढाल तेवढी घट्ट बसेल. हज्जीने एकदा स्वतः त्या झोळीला लोंबकळून पाहिलं होतं. मग म्हणाला, "पिंजरे तू केलेस, आता पक्षीही तूच सांभाळ." अशा रीतीने थंडीचे चार महिने मी शेतावर राहू लागलो.

पिंजऱ्याच्या दाराला कुलूप लागणार होतं. हज्जीचा धाकटा भाऊ, त्याच्याहून बराच लहान, परदेशात शिकून नुकताच आलेला, त्याने आपल्या जीपमधून एक भक्कम पितळी कुलूप काढून माझ्या हातात दिलं. "घे, नज्जार. फुकट." मी घेतलं. खिळ्याखिळ्याचा भाव करणारा मी, फुकटच्या वस्तूला काय प्रश्न विचारणार? किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली आणि कुलूप विसरलो.

शुक्रवारी सकाळी गाड्या यायच्या. आम्ही पक्षी टोपल्यांतून नेऊन झुडपांत सोडायचो, पाहुणे ओळीने उभे राहायचे. मी महिनोन् महिने दाणे घालून वाढवलेला पक्षी दहा मिनिटांत पिसांचा पुंजका व्हायचा. वाईट वाटायचं का, असं मला लोक विचारतात. कोंबड्या पाळणाऱ्याला वाटतं तेवढं. दमायला मात्र व्हायचं. सगळेच पक्षी मरत नसत. छर्रे लागलेले काही झुडपांत शिरून बसायचे. शनिवारी त्यांच्यासाठी दुसरे पाहुणे यायचे. मोठे तपकिरी गरुड उंचावर घिरट्या घालत, जमिनीलगत भोवत्या नावाचा शिकारी पक्षी तरंगत असायचा, आणि पिंजऱ्यांच्या खांबांवर लहान ससाणे. त्या खांबांचे माथे मी छान सपाट तासले होते, बसायला पाट दिल्यासारखे. चूक कळल्यावर मी सगळे माथे टोकदार केले. शिकारी पक्ष्याला आधी बसायला जागा लागते, मग भूक.

शेतावर कायमचा माणूस म्हणजे बाजवाला. बलुची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, चार मुलींचा बाप. धाकट्याचे शिकारी बाज सांभाळायचा आणि त्याचा इकामाही, म्हणजे राहण्याचा परवाना, धाकट्याच्याच नावावर होता. बाजांच्या खोलीत एसी होता. आमच्या खोलीत पंखा. मी त्याबद्दल कुरकुर केली की तो म्हणायचा, "मिस्तरी, तूही डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून गप्प बस. तुलाही एसी मिळेल."

"टोपी घालीन, उस्ताद, पण गप्प कसा बसू?"

"तेच तर. म्हणून तुला पंखा."

घुबड आलं ते दुसऱ्या थंडीत. पंपाच्या खोलीवर मी दोऱ्या ठेवायला एक लाकडी खोकं ठोकलं होतं. त्याचं दार वाऱ्याने निखळलं आणि एका दुपारी दोरी काढायला हात घातला तर आतून प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा आवाज आला. डोकावलो. पांढरा, कापलेल्या सफरचंदासारखा चेहरा आणि दोन काळे डोळे. मी शिडीवरून पडता पडता वाचलो. खाली आलो आणि रागाने हातात होता तो लाकडाचा तुकडा वर भिरकावला. तो खोक्याच्या आत गेला आणि खाली काही पडला नाही.

मग मात्र मला आईचं बोलणं आठवलं. आमच्याकडे म्हणतात, घुबडाला दगड मारू नये. ते दगड झेलतं, नेऊन पाण्यात ठेवतं, आणि पाण्याने दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजत जातो. मी ते बाजवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू लाकूड मारलंस. लाकूड झिजत नाही, कुजतं. तू कुजशील." आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

आम्हा दोघांनाही ते घुबड नको होतं आणि अरबांनाही नको होतं. ते त्याला बूमा म्हणतात आणि आपल्यासारखंच अपशकुनी मानतात. पण महिनाभरात मला एक गोष्ट दिसली. पिल्लांच्या पिंजऱ्यात उंदरांचा फार त्रास होता. उंदीर खालून पिल्लांचे पाय कुरतडायचे. घुबड आल्यापासून ते कमी झालं आणि खोक्याखाली काळे गोळे पडू लागले. अंगठ्याएवढे, ताजे असले की व्हार्निश मारल्यासारखे चकचकीत. बाजवाल्याने सांगितलं, की हे पक्षी भक्ष्य गिळतात आणि न पचलेली हाडं, केस, पिसं यांचा गोळा करून तोंडाने बाहेर टाकतात. बाजही टाकतो, सकाळी. गोळा टाकल्याशिवाय बाजाला शिकारीला सोडत नाहीत.

मी एक गोळा पटाशीने उकलला. आत उंदराची कवटी, पिवळे दात, सुईसारखी हाडं. दुसरा उकलला, तेच. मला नाद लागला. मी गोळे वेचून व्हार्निशच्या रिकाम्या डब्यात ठेवू लागलो. एवढ्या गोळ्यांत चकोराचं एक पीस मला सापडलं नाही. त्या घुबडाबद्दल माझं मत तेव्हा बदललं. माया वगैरे म्हणणार नाही. ते काम करत होतं आणि माझ्याकडे काही मागत नव्हतं. असे कामगार मी फार पाहिले नाहीत.

त्या डिसेंबरात चकोर कमी होऊ लागले. प्रत्येक पक्ष्याच्या पायात मी निळं प्लास्टिकचं कडं घालत असे आणि गुरुवारी मोजणी करत असे. एका गुरुवारी सहा कमी. पुढच्या गुरुवारी आठ. मी जाळं बोटाने तपासलं, जमिनीलगतची पत्र्याची पट्टी तपासली, रात्री उशाशी कंदील घेऊन झोपलो. कुठे पीस नाही, रक्त नाही. जानेवारीपर्यंत चाळीसच्या आसपास गेले. हज्जीला मी दर वेळी खरा आकडा सांगितला. तो फक्त "हं" म्हणायचा.

आणि मग तो गुरुवार. दुपारची वेळ, उद्याच्या शिकारीचे पाहुणे आधीच येऊन तंबूत बसले होते. दहाएक जण, मध्ये कॉफीची किटली. मला बोलावलं. धाकटा पाय पसरून बसला होता. तो हज्जीला म्हणाला, "मी सांगतो कुठे गेले. बूमा खातंय. या नज्जारच्या जाळीला भोक आहे."

हज्जीने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाद नको होता, पाहुणे होते. म्हणाला, "ठीक आहे. बूमाला उद्या गोळी घाला. नज्जार, तू जाळी नवीन कर, सामानाचे पैसे माझे."

आता पाहा. मला एवढंच म्हणायचं होतं: बरं, हज्जी. नवी जाळी झाली असती, माझी मजुरी मिळाली असती, घुबड मेलं असतं आणि मी शेतावर राहिलो असतो. बाजवाला तंबूच्या दाराशी मनगटावर बाज घेऊन उभा होता आणि मला डोळ्यांनी सांगत होता, की गप्प बस. मला ते दिसलं. पण माझ्या जाळीला भोक? माझ्या गाठीला?

मी म्हटलं, "हज्जी, जाळीत भोक दाखवा, मी इथली नोकरी सोडतो."

धाकटा हसला. "मग बूमा काय किल्लीने दार उघडतं?"

पाहुणेही हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी धावत गेलो आणि व्हार्निशचा डबा आणला. गालिच्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक गोळा उकलायला सुरुवात केली. कॉफी पिणारे तोंडं वाकडी करत होते, पण पाहत होते. "ही उंदराची कवटी. हा उंदीर. हा वाळवंटातला उडी मारणारा उंदीर, शेपटी बघा. यात चकोराचं हाड असेल तर दाखवा. एक पीस दाखवा. घुबड चोर नाही. आणि जाळीचं म्हणाल तर आत्ता चला, बोट जाईल एवढं भोक असेल तर माझा हात तोडा."

आणि ते खरंच आले. हज्जी, धाकटा, चार-पाच पाहुणे. सगळ्यांनी जाळी ओढून पाहिली. एक जण तर जमिनीवर आडवा होऊन पत्र्याची पट्टी पाहत होता. भोक नव्हतं. परत तंबूत आलो तेव्हा मी घामाने भिजलो होतो आणि मला वाटत होतं, की आयुष्यात इतकी पक्की बाजू मी कधी मांडली नव्हती.

हज्जी म्हणाला, "जाळी चांगली आहे. बूमा निर्दोष आहे." मग त्याने विचारलं, "कुलूप?"

"शाबूत."

"किल्ली?"

मी कमरेची किल्ली वर करून दाखवली. अभिमानाने दाखवली. "रात्रंदिवस माझ्या अंगावर."

कोणाचा तरी कप बशीवर वाजला. हज्जी माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत होता आणि मला कळायला अजून दोन क्षण लागले. तो हळूच म्हणाला, "मग पक्षी कोणी नेले, नज्जार?"

मी बरंच ओरडलो. अरबी, हिंदी, मराठी जे येईल त्यात. देवाची शपथ घेतली, त्याच्या देवाचीही घेतली. जितका ओरडलो तितका मी चोर दिसत गेलो असणार. हज्जीने हात वर केला. "पोलिसात जात नाही. उद्यापासून येऊ नकोस." आणि मग, न्यायी माणूस होता तो, दाराशी उभ्या नोकरांना म्हणाला, "बूमाला कोणी हात लावायचा नाही."

म्हणजे घुबडाला शेतावर राहायचा परवाना मिळाला आणि माझा संपला.

सकाळी पाहुणे शिकारीला गेल्यावर मी हत्यारं गोळा केली. रंधा बाजांच्या खोलीत होता, त्यांचे बसायचे ठोकळे मी आदल्या दिवशी तासत होतो. आत थंडगार होतं. धाकट्याचा नवा बाज टोपी घालून ठोकळ्यावर बसला होता आणि खालच्या वाळूत त्याने सकाळी टाकलेला गोळा पडला होता. खरं सांगतो, काही संशय नव्हता. हाताला सवय लागली होती म्हणून उचलला आणि बोटांनी चुरला. आत करडी पिसं, आणि पिसांत निळं प्लास्टिकचं कडं.

बाजवाला मागे उभा होता. मी त्याची गचांडी धरली. जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याने हात उचलला नाही. म्हणाला, "एक दिवसाआड पहाटे दोन. धाकट्याला नवा बाज शिकवायचाय, जिवंत पक्षी लागतो. भावाने नको म्हटलं होतं, पक्षी पाहुण्यांसाठी आहेत म्हणून. पाय मी कड्यासकट तोडून पुरायचो. हा एक राहिला असेल."

"पण आत शिरला कसा? कुलूप आहे!"

त्याने माझ्याकडे बघितलं, कीव आल्यासारखं. "मिस्तरी, कुलूप तुला दिलं कोणी? नव्या कुलपाबरोबर किती किल्ल्या येतात?"

तीन येतात. राईला माझ्या दुकानात मी स्वतः कुलुपं बसवून देत होतो आणि गिऱ्हाइकाच्या हातावर तीन किल्ल्या मोजून ठेवत होतो. विकत घेतलं असतं तर मीही मागितल्या असत्या.

"चल हज्जीकडे," मी म्हटलं.

"तू जा. कडं दाखव. भाऊ भावाला काय करेल? चार दिवस बोलणार नाही. आणि धाकटा मला त्याच आठवड्यात विमानात बसवेल. मोठीचं लग्न ठरलंय, मिस्तरी. तिघी मागे आहेत. तू सुतार आहेस, तुझं दुकान आहे. मी काय दुकान टाकू, बाजाचं?"

मी मग सौदा केला, कारण मला दुसरं काही येत नाही. मी आत्ता तोंड बंद ठेवतो. पण ज्या दिवशी तू इथून सुटशील, त्या दिवशी मला येऊन सांगायचं आणि माझ्याबरोबर हज्जीसमोर उभं राहायचं. त्याने छातीवर हात ठेवला. मी कडं पाकिटात टाकलं आणि निघालो.

गावी बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "घुबडासाठी भांडलात? तुम्हाला गप्प बसायला काय झालं होतं?" मी फोन ठेवला.

तंबूत बसलेल्या दहा जणांच्या दहा बैठका असणार आणि प्रत्येक बैठकीत माझी गोष्ट पोचली असणार. वफ्राच्या आणखी तीन शेतांवर पिंजऱ्यांचं बोलणं चाललं होतं, ते एकेक करून थांबलं. कोणी कारण सांगितलं नाही. मी परत स्वयंपाकघरांची कपाटं करू लागलो. कपाटांत पैसा बरा मिळतो, तक्रार ती नाही. पण गिऱ्हाईक कपाटाचं दार उघडून आत कोपऱ्यात बघायला लागलं, की मला वाटायचं, हा काहीतरी ऐकून आला आहे. मग मी उगीच चढ्या आवाजात बोलायचो आणि काही गिऱ्हाइकं त्यानेच जायची.

सात-आठ वर्षं गेली. मधे इराकात पुन्हा लढाई झाली, राईला नवी शोरूम्स उभी राहिली. एका सकाळी बाजवाला दुकानात आला. दाढी पांढरी, एका डोळ्यात मोतीबिंदू. बसला, पाणी प्याला. म्हणाला, "मिस्तरी, चौथीही सासरी गेली. पुढच्या महिन्यात मी कायमचा चाललो. आता बोलायचं तर चल." मला वाटत होतं, तो सौदा विसरला असेल. याबाबतीत तो माझ्याहून चोख निघाला.

आम्ही माझ्या पिकअपमधून गेलो. शेत थकल्यासारखं दिसत होतं. शिकार जवळजवळ बंद झाली होती, हज्जीला आता गोळीचा आवाज सोसत नाही असं बाजवाला म्हणाला. पिंजरे रिकामे. पण जाळं होतं. उन्हाने राखाडी पडलेलं, धुळीने जड झालेलं, पण एक गाठ सुटली नव्हती. पंपाच्या खोलीवर माझं खोकंही तसंच होतं आणि खाली गोळ्यांचा ढीग. तेच घुबड असेल की त्याची लेकरं, कोण जाणे.

हज्जी भिंतीला टेकून सावलीत बसला होता, गुडघ्यावर काठी. मला पाहून त्याचा चेहरा खुलला, ते मला सोसवलं नाही. "नज्जार! ये. बैस. मी तुला कधीच माफ केलंय."

मी पाकिटातून कडं काढून त्याच्यापुढे चटईवर ठेवलं. "हे तुमच्या भावाच्या बाजाच्या पोटातून निघालं, हज्जी. तुम्ही मला घालवलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी. हा साक्षीदार." बाजवाल्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. किल्ली, पहाट, पाय पुरणं.

हज्जीने कडं उचललं, बोटात फिरवलं. मग म्हणाला, "मला त्याच महिन्यात कळलं होतं. तू गेल्यावरही पक्षी कमी होत राहिले."

मी इतकी वर्षं त्या कड्याला जपलं होतं. पाकिटं तीन बदलली. मला वाटलं होतं, तो चकित होईल, भावाला बोलावेल, निदान खजील होईल.

"मग मला निरोप का नाही धाडलात?"

"भाऊ आहे तो माझा. घरातलं घरात राहतं." त्याने कडं परत चटईवर ठेवलं. "आणि तू कामाचा माणूस. मला माहीत होतं, तुला कुठेही काम मिळेल. बोल, काय देऊ? तुझी त्या वर्षाची मजुरी? दुप्पट?"

"पैसे नकोत. ज्या लोकांसमोर मला चोर म्हटलंत, त्या लोकांसमोर सांगा, की नज्जारने पक्षी नेले नाहीत. सगळ्या दहा जणांसमोर."

त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. मला ओळखू आली. भाव सुरू झाला होता. "दहांतले चार मेले, नज्जार."

"मग सहा."

"दोघे माझ्याशी बोलत नाहीत. एकाला काही आठवत नाही."

"मग तिघे. त्यांना बोलवा, जेवण घाला आणि सांगा."

"जेवायला बसलेल्या माणसांना सांगू, की माझा भाऊ चोर? त्याच्या मुलीचं आता लग्न आहे. एकाला सांगतो. फोनवर."

"फोनवर नाही."

"नज्जार, मी म्हातारा झालो."

मी काही बोलणार होतो, पण माझ्याही लक्षात आलं, की मला बसल्या जागेवरून उठायचा कंटाळा आला आहे. ऊन चढलं होतं. बाजवाला दोन्ही हात पुढे बांधून उभा होता. हज्जीने त्याच्याकडे काठीने खूण केली आणि म्हणाला, "हा आहे ना इथे. ऐक रे. नज्जारने माझे पक्षी नेले नाहीत. नज्जार चोर नाही."

"जी, हज्जी," बाजवाला म्हणाला.

"झालं?" हज्जीने मला विचारलं.

जगात ज्या एका माणसाला हे आधीपासून माहीत होतं, त्याला त्याने ते सांगितलं होतं. मी म्हटलं, "झालं."

मग त्याने चहा मागवला आणि घरातल्या एका पुस्तकांच्या कपाटाचं माप घ्यायला सांगितलं. मी घेतलं. भाव सांगितला, त्याने सवयीने निम्मा मागितला, मी निम्म्याला हो म्हटलं. तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. परतताना पिकअपमध्ये बाजवाल्याने विचारलं, "मन हलकं झालं का, मिस्तरी?"

मी म्हटलं, "स्वस्तात गेलं, उस्ताद."

कडं चटईवरच राहिलं हे मला राईच्या सिग्नलला आठवलं. परत गेलो नाही.